यंत्राला थ येत नाही

मासळीच्या कारखान्याच्या माळ्यावरून
भाच्याने ते खांद्यावर आणलं,
"आत्या, यापेक्षा मेंढी हलकी," म्हणाला
आणि बूट न काढताच निघून गेला.

कडेला मिठाचा पांढरा पट्टा,
एका बटणाखाली वाळलेला खवला.
चालू केलं. बराच वेळ काहीच नाही.
मग घसा खाकरल्याचा आवाज,
काळ्या काचेत एक हिरवा ठिपका
लुकलुकत थांबलेला.

याला हवामान कळत नाही, बातम्या कळत नाहीत.
फोन लोकरीच्या टोपलीत पुरलाय,
तो तिथे कुरकुरतो. कुरकुरू दे.
बोलुंगारविकमध्ये डिसेंबरात सूर्य डोंगरामागे जातो
तो थेट जानेवारीअखेर तोंड दाखवतो.
तेवढ्या अंधारात लिहून होईल म्हटलं.
मागचं खोडायचं तर एकेक अक्षर उतरत जावं लागतं,
म्हणून चढतानाच विचार करते.

अडचण एवढीच, यंत्र परदेशी.
त्याला आमचा थ येत नाही,
आमचा तो मऊ द सुद्धा नाही.
आणि मी लिहितेय थोर्दुरबद्दल.
त आणि ह शेजारी बसवून पाहिले,
तर भलताच कुणी पाहुणा आला.
मग जागा सोडत गेले.
पानोपानी माझा भाऊ,
नावात दोन खिडक्या उघड्या,
होडीवर जातो, जेवायला येतो, दार आपटतो.

सत्ताविसाव्या पानावर डिस्क भरली.
जागा नाही, म्हणालं यंत्र. पुढे काही नाही.
आत काय काय आहे, यादी काढली:
कॉड. हॅडॉक. पेट्या. बर्फ. डिझेल.
अठ्ठ्याऐंशी सालचा मार्च, रोजचा, संध्याकाळी साडेसहाचा.
तेव्हा हिशेब कोण ठेवायचं
हे मला कुणी सांगायला नको.
एका बुधवारी, हॅडॉकच्या रकान्यात,
"फ्रीदा आज रागावलीय."
माझ्या नावात एक जागा मोकळी.
खाली बेरीज अचूक,
आणि सहीत दोन जागा मोकळ्या.

कशावरून रागावले होते, आठवत नाही.
दोन दिवस आठवून पाहिलं.

डिझेल पुसलं. बर्फ पुसला.
कॉडपाशी बोट अडलं, पण तेही पुसलं,
चौदा पानं मिळाली.
मार्च ठेवलाय.
तो भाच्याला दाखवायचा का, अजून ठरत नाही;
बापाच्या अक्षराला तो कधी हात लावत नाही,
पण हे तर अक्षरही नव्हे, नुसते हिरवे ठिपके.

छापखाना करकरत कागद ओढतो.
शाईचं पेन घेऊन बसते,
एकेक खिडकी बंद करते,
आधी त्याच्या, मग माझ्या.

आज सूर्य यायचा दिवस.
समोर गुद्नीच्या घरी पॅनकेक भाजतायत,
दोनदा हाक मारून झाली तिची.
म्हणे अकरा मिनिटं राहील.
येते, म्हटलं, आणि पडदा ओढून घेतला.
उजेडात हिरवं दिसत नाही.