दोन बोटं काच

बामणोलीच्या धक्क्याला लाँच बांधून
उतेकर काचेपुढं गुडघ्यावर बसतो.
दहा नंबरचा पाना घसरतो.
वायपरचा नट आणि खुंटी
गंजानं भावकीसारखे झालेत,
सुटत नाहीत, फिरतही नाहीत.

रॉकेल सोडलं. बिडी ओढली.
"हातोडी हाणू का?" पोरगा विचारतो.
"काच काय तुझा बाप देणाराय?"
बाप तर तोच.
दोघंही हसत नाहीत.

दुपार कलल्यावर नट गपकन सुटतो.
दांडी सरळ वर ओढायची, कलती नाही,
खालच्या दात्यांवर
किती पावसाळ्यांची हिरवी बुरशी.

नवी दांडी साताऱ्याची,
स्टँडमागच्या दुकानातनं, ट्रकची.
पातं दोन इंच लांब. चालतंय.
आधी मोटार फिरवून
थांबेल तिथं थांबू दिली,
मगच नट आवळला.
हे चुकून शिकलेलं:
त्या साली पातं चौकटीवर आपटत राहिलं
पार तापोळ्यापर्यंत,
आणि लाँचमध्ये अडलेली सुमित्रा होती.

पोरगा बादलीनं काचेवर कोयना ओततो.
पातं जातं, येतं.
जुन्या पात्यानं घासलेल्या अर्धगोलाबाहेर
दोन बोटं रुंद पट्टी उजळते
जिथलं कधीच कुणी पुसलं नव्हतं.

तिथं, पाण्यातून वर आलेला
एक काळा बुंधा.

"हा इथंच असतोय व्हय,"
उतेकर पुटपुटतो,
"मी आपला अंदाजानं वळवायचो."

पोरगा जुना नट खिशात टाकतो.
पातं कोरड्या काचेवर कुरकुरतंय,
बंद करायचं कुणाच्या ध्यानात नाही.