नमुना सात, सोहार

मक्याचं पिष्ट तीस टक्के, बाकी पॉलिथीन,
मधे ग्लिसरीन, दोघांचं जमावं म्हणून.
यंत्र तापलं की लॅबभर वास सुटतो
कुरडयांच्या चिकाचा,
आणि शाजी विचारतो, मॅडम, आज काय शिजतंय?

पट्टी ताणली. पिष्ट वाढवलं की लवकर तुटते.
हे वहीत लिहिलं.
मग कुंपणापाशी बारा चौकोन पुरले,
वीतभर खोल, प्रत्येकाला सुतळीची खूण.

नव्वद दिवसांनी अकरा निघाले तसेच्या तसे,
फार तर जरा ताठ.
कुजायलासुद्धा ओल लागते,
आणि ओल इथे टँकरने येते.

फक्त सातवा
हातात आला तो चाळणी होऊन.
उन्हात धरला तर वहीवर
ठिपक्यांची सावली.

खलफान, रात्रपाळीचा पहारेकरी,
चपलेनं वाळू सारखी करत म्हणाला,
तिथे मी रोज चहाचा गाळ टाकतो, बाई.
साखरेसकट.

अहवालात चहाला रकाना नाही.
वजनातली घट लिहिली: अठ्ठावीस टक्के.
वरचे खूश. पिशवीवर
हिरवं पान छापायचं ठरलं.

मी मात्र ती चाळणी बोटांत धरून बसले.
पिष्ट तेवढं गेलं होतं,
ज्याला जायचंच होतं ते.
उरलेल्याला मुंगीसुद्धा शिवली नव्हती.

संध्याकाळी ती परत पुरली,
त्याच जागी,
आणि खलफानला म्हटलं,
साखर जरा जास्त घेत जा.