निळा, नंबर एकवीस

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला, आधी वरच्या गल्लीत.
त्यातलं चाळीस लिटर मी माशाला देतो
हे शेजारच्या गुंडेटींना अजून पटलेलं नाही.
"राजमल्लू, सोलापुरात समुद्र पाळतोस होय?"
पाळतो.
दीडशे लिटरचा.

मिठाचं मला नवल नाही.
छत्तीस वर्षं टॉवेल रंगवले,
गडद रंगाला लिटरमागे साठ ग्रॅम,
नाहीतर रंग सुतात शिरत नाही, पाण्यातच हिंडत राहतो.
माशाला पस्तीस लागतं.
साठावरून पस्तिसावर आलो.
डॉक्टरनं माझ्या ताटातलं कमी करायला सांगितलं
तेव्हा एवढं जमलं नव्हतं.

मासा पुण्याहून आला, रातराणीनं,
ड्रायव्हरच्या सीटमागे थर्माकोलच्या डब्यात,
अंगठ्याएवढा.
पिशवीतलं पाणी आणि घरातलं पाणी
यांची गाठ एकदम घालायची नसते म्हणे.
मेडिकलमधून सलाइनची नळी आणली,
तिला गाठ मारली, थेंब थेंब सोडलं,
दोन तास पाटावर बसून राहिलो
घरचं कुणी ॲडमिट असल्यासारखा.
कनक म्हणाली, माझ्या ऑपरेशनला
इतका वेळ बसला नव्हतात.
खरं होतं.
त्या दिवशी दुबईचा माल निघायचा होता.

रंग बघितला आणि ओळखला:
टर्क्वाइज, नंबर एकवीस.
याच निळ्यानं छळलं आयुष्यभर.
धुवा, परत धुवा, शेवटच्या पाण्यातही उतरायचाच.
हा तर चोवीस तास भिजत असतो
आणि पाणी स्वच्छ.

पहिल्या रात्री दिवा मालवला, बॅटरी मारून पाहतो
तर अंग राखाडी, दगडाच्या फटीत.
कच्चा निघाला, मी म्हटलं.
सवयच तशी. आधी रंगाचा घोर, मग जिवाचा.
सकाळी पडदा सारला
तर पुन्हा तोच, एकवीस,
वर भुकेला.

मग मे. चव्वेचाळीस.
दुपारी लाईट गेली ती गेलीच.
पलीकडचे माग एकेक करत गप्प झाले,
इतके गप्प की माशाचं तोंड उघडताना ऐकू येईल असं वाटलं.
काट्यावर तेहतीस. तो वर येऊन धापा टाकतोय.
आतून कनक बर्फाच्या बाटल्या घेऊन आली,
फडक्यात गुंडाळलेल्या,
मला न सांगता कधी गोठवायला ठेवल्या कुणास ठाऊक.
एक सोडली. मग भांड्यानं पाणी उचलायचं,
हातभर वरून ओतायचं, पुन्हा उचलायचं.
तांब्या घेऊ नको, मी ओरडलो, तांबं चालत नाही त्याला!
डोळे आहेत का, ती म्हणाली,
प्लास्टिकचा मग आहे हा.
साडेसहाला माग सुरू झाले
तेव्हा तिचा पदर कोपरापर्यंत ओला होता.

ऊन पाणी नेतं, मीठ ठेवतं.
म्हणून रोज खडूच्या खुणेपर्यंत
गोडंच पाणी भरायचं, हे मी तिला शिकवलं.
काचेच्या कडेला पांढरी रेघ धरते.
परवा ती बोटानं पुसली,
बोट जिभेला लावलं,
आणि विचारलं, समुद्र असाच लागतो?

मी कुठं बघितलाय.
असाच लागत असेल, म्हटलं,
आणि आमचं दोघांचं लक्ष त्याच्याकडे गेलं,
जणू तो सांगणार होता.
तो शेवाळाचा एक धागा ओढत होता,
सुटत नव्हता.