जानापावची क्षेत्रभेट

संमतिपत्रं बेचाळीस, मुलं एकेचाळीस.
बसमध्ये तीनदा डोकी मोजली,
मग कळलं, झुझरच्या वडिलांनी
दोनदा सही करून पाठवली होती:
एक पोराच्या हाती, एक भीतीपोटी.

महू यायच्या आत पोहे संपले.
सीटांच्या फटींत शेव, जिरावणाचा वास,
मागच्या बाकावर कुणाला तरी उलटी.
एकवीस वर्षं फळ्यावर काढत आलेय मी
माळव्याचं पठार: तपकिरी खडू,
कडेला आखूड रेघा, उतार म्हणून.
खरा उतार पोरांना पोटात कळतो.

वर कुंड. हिरवट पाणी, निर्माल्य,
पायरीवर एक बेडूक.
"मॅडम, चंबल कौनसी?"
हीच.
"ये?"
इतकी ओशाळून मी कधी
कुठल्या नदीची ओळख करून दिली नव्हती.
झुझर म्हणाला, डाकूवाली तो बहुत बडी होती है.
होईल, म्हटलं. अजून शिशुवर्गात आहे.

मग धारेवर नेलं, दोरी धरून, ओळीनं.
इकडे पडलेला थेंब यमुनेला, गंगेला, पार बंगालच्या उपसागराला;
तिकडचा चोरलमधून नर्मदेत, भडोचपाशी अरबी समुद्रात.
वह्यांत बाण निघाले, निळे.

शाल्मली बिडवईनं बाटलीचं झाकण काढलं.
जिभेचं टोक बाहेर, अगदी नेम धरून
उरलंसुरलं सगळं पाणी मधोमध ओतलं.
आम्ही वाकलो.
झुझर यमुनेकडून, तिघी नर्मदेकडून,
पैजेवर चिंचेच्या गोळ्या.
पाणी जरा थबकलं
आणि काळ्या दगडाच्या भेगेत शिरलं.
मागे डाग. वहीच्या पानाएवढा,
मग बसच्या तिकिटाएवढा.
गोळ्या कुणालाच मिळाल्या नाहीत.

सोमवारी अहवाल आले.
चाळीस जणांचं पाणी नीट दोन समुद्रांना मिळालं होतं,
माझ्याच वाक्यांत, माझ्याच बाणांसकट.
शाल्मलीनं, सगळे हिंदीत लिहीत असताना,
घरच्या मराठीत लिहिलं होतं:
निरीक्षण – पाणी कुठंच गेलं नाही. डोंगराला तहान लागली होती.
निष्कर्ष – घरी येईपर्यंत मलाही.

लाल पेन उघडं ठेवून बसून राहिले.
घंटागाडी गाणं वाजवत गल्लीतून गेली,
कचरा द्यायचा राहिला.

मंगळवारी फळ्यावर पुन्हा पठार काढलं.
दोन बाण नेहमीचे,
आणि धारेपासून सरळ खाली, तपकिरीच्या पोटात, तिसरा.
"मॅडम, इसका नाम?"
लिहू नका, म्हटलं.
हे परीक्षेत येणार नाही.