माया-माया ते न्जिली

सव्वीस किलोमीटर, मी म्हटलं, सरळ रेषेत.
हवेत दहा मिनिटं. कधी नऊ.
काचेपलीकडे पोटो-पोटोतला शिंपी मालोंगा,
गळ्यातली टेप काढायची राहून गेलेली,
मोजून आणलेल्या नोटा पुन्हा मोजत.

खरं तर मला हे सांगायला मनाई आहे, तरी सांगितलं:
बाबा, धक्क्यावरून होडी सुटते,
समोरच तर आहे किन्शासा,
या तिकिटाच्या पैशांत किती वेळा जाऊन याल.
तो म्हणाला, होडी नको.
एवढंच. आणि पासपोर्ट पुढे सरकवला,
कोरा करकरीत, त्रेसष्टाव्या वर्षी काढलेला.
पलीकडे त्याच्या मुलीचे, क्लारिसचे, दिवस भरत आले होते.

विमान साडेनऊचं. सुटलं पाऊणला.
सिक्युरिटीवाल्यांनी कॉलरमागची सुई काढून घेतली,
टेप राहू दिली.

दहा दिवसांनी माझ्याच खिडकीशी आला.
तुझा हिशेब चुकला, म्हणाला.
पहाटेची टॅक्सी धरली नाहीस,
बाकावरचे सव्वातीन तास धरले नाहीस.
वर गेल्यावर पट्टा बांधा म्हणाले,
बांधतोय तोवर म्हणाले, उतरतोय.
मग शिक्क्यांची रांग.
मग मासिनाचा रस्ता, तिथे डोक्यावर चिक्वांग विकणाऱ्या बाया
माझ्या टॅक्सीच्या पुढे निघून गेल्या, चालत.
घरी पोचलो तर नात तासाभराची झाली होती.

आणि नदी दिसली का, मी सहज विचारलं.

तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.
एकोणीस वर्षं तिच्याकडे पाठ करून मशीन चालवलं, म्हणाला.
खिडकीशी बसलो, आणि वाटलं, वरून एकदा
बघून घ्यावी. ढग होते.
कापसासारखे नव्हते गं, अस्तरासारखे.
आतली शिवण दिसेना.

म्हणून येताना होडी.
मध्यावर पंख्यात जलपर्णी अडकली,
नावाड्याचा पोरगा सुरी घेऊन ओणवा झाला,
इंजिन बंद. दोन्ही शहरं सारखीच लांब.
तिथे मी भावाचं नाव घेतलं. मोठ्यानं नाही.
कोंबड्यांची टोपली धरून बसलेली बाई म्हणाली, काय?
काही नाही म्हणालो.

सिल्व्हँ, हे नाव मला असं कळलं.
किती वेळ उभी होती होडी?
एक बाही लागून होईल, इतका.

माझ्यामागे फोन वाजत होता, त्याच्यामागे रांग कुरकुरत होती,
कुणीतरी विचारत होतं, पुढचं विमान किती वाजता,
किती लांब, किती वेळ,
आणि मी तोंड उघडलं तर आकडा आठवेना.

त्यानं पिशवीतून कापड काढलं, पलीकडच्या बाजारातलं,
निळ्यावर पिवळे मासे.
तुला ब्लाऊज शिवतो. होडीचं तू सांगितलंस ना.
आणि काउंटरवरून वाकून
माझ्या खांद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावली.
श्वास धरू नकोस, म्हणाला,
माप चुकतं.