निरंक

नमुना घेताना बाटली
आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
मग तोंड प्रवाहाच्या उलट धरून भरायची.
एकोणीस वर्षं मी एवढंच केलंय.
पारडीच्या पुलाखाली नाग नदी
हिवाळ्यात पहाटे वाफाळते,
रात्रभर कुणीतरी तिच्यात
खरकटी भांडी भिजत घातल्यासारखी.

पुढं ती कन्हानला मिळते,
कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत,
वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत,
आणि गोदावरी?
‘समुद्राला’ म्हणून पोरगा पुस्तक मिटायचा.
भूगोल संपायचा, कुल्फीवाल्याची घंटा वाजायची.

गेल्या साली मेहुण्याच्या कामानं काकीनाड्याला गेलो.
खाडीत नावाड्यानं इंजिन बंद केलं.
खारफुटीची मुळं चिखलातून वर आलेली
श्वास घ्यायला.
त्याची भाषा मला येत नव्हती,
त्यानं स्वतःचं नाक दाबून दाखवलं,
मग सोडून.
एका मुळाच्या टोकाला पिशवी अडकलेली,
संत्रा बर्फीची.
वाकून वाचलं : इतवारी, नागपूर, ४४०००२.

गोसेखुर्दची दारं ओलांडून आली असेल?
की रेल्वेच्या खिडकीतून,
माझ्यासारख्याच कुणाच्या हातून?
अहवालात आम्ही अशा वेळी लिहितो,
स्रोत अनिश्चित.
पिशवी मी खिशात घातली.
नावाडी हसला नाही.

मग कुहीची जनसुनावणी.
नदीकाठी रंगाचा कारखाना यायचा होता,
मंगल कार्यालयात मांडव तोच,
खुर्च्यांच्या पाठीवर आदल्या लग्नातल्या अक्षता.
कंपनीचा माणूस पडद्यावर लाल काडी फिरवत म्हणाला,
‘समुद्र इथून शेकडो किलोमीटर.
खाडीचा प्रश्नच उद्भवत नाही.’
मी मागं, बाटल्यांच्या खोक्यावर हात ठेवून.

कौतिकाबाई मांढरे उठली.
धीवर सोसायटीची; माईक तिनं घेतलाच नाही.
‘साहेब, झिंगा काय नकाशा पाहून येते का?
माह्या सासऱ्याच्या जाळ्यात
ईतभर झिंगे येत.
त्याइचे पिल्लं खाऱ्या पान्यातच जगते म्हने,
मंग चढत चढत इथलोक येते.
अर्धे धरनानं अडवले,
बाकीचे तुमच्या पान्यानं मरतीन.
म्या समुद्र पाह्यला नाई.
पन तो माह्या चुलीवर शिजला हाय.
मंग दूर कसा म्हन्ता?’

कुणीतरी टाळी वाजवली, एकच, मग थांबली.
कारकून लिहीत होता.
बाई बसेना.
‘माहं काय लिवलं, वाचून दाखवा.’
त्यानं पान उलटलं, चष्मा पुसला,
‘आक्षेप : निरंक.’

पंखा फिरत होता.
मागच्या रांगेतली माणसं
एकेक करून उभी राहिली,
बसायला जागा असून.
अर्ध्या तासानं निरंक खोडला गेला,
आणि वाकड्या अक्षरांत झिंगा, चूल, सासरा
सरकारी कागदावर उतरले.
कारखान्याचं अजून ठरलेलं नाही.

मी मात्र दुसऱ्या दिवशी पारडीला
बाटली तीनदा विसळली, भरली,
आणि चिठ्ठीवरच्या शेऱ्याच्या रकान्यात,
जो एकोणीस वर्षं कोराच राहिला होता,
लिहिलं : खाली माणसं राहतात. आणि झिंगे.

साहेबांनी लाल पेनानं
झिंग्यांवर काट मारली.
माणसं राहू दिली,
तूर्तास.