फक्की

नोदारकडे एक दोनचाकी गाडा होता,
पत्र्याचा, तळाशी चाळणी बसवलेली.
चुन्याची फक्की भरून तो ढकलत निघाला
की मागे पांढरी रेघ उमटत जायची
आणि स्टँडच्या तिसऱ्या पायरीवरून त्सियाला,
त्याची बायको, विणता विणता ओरडायची,
"डावीकडे झुकतोयस, कालच्यासारखा!"

आधी इथे दलदल होती.
काळ्या समुद्रापासून चार मैल, बेडूक आणि हिवताप.
निलगिरी लावली, तिने पाणी पिऊन घेतलं,
मग दगड, मग माती, मग सिमेंट.
उत्तरेचा स्टँड तरी दरसाल बोटभर खचतो.
नोदार म्हणायचा, दलदलीला सगळं आठवतं.

पहिल्या सामन्याचा निकाल
दोन घरांत दोन सांगतात.

महायुद्धात मैदानभर मका पेरला,
या गोलपासून त्या गोलपर्यंत.
कणसं गोलच्या आडव्या दांडीला टांगून वाळवली.
वारलाम गोलकीपर आघाडीवरून एक हात घेऊन परतला,
आणि माइकसमोर बसला.
पुढची तीस वर्षं गावाने प्रत्येक गोल
आधी त्याच्या आवाजात ऐकला, मग पाहिला.

शरदात कुस्त्या व्हायच्या.
ढोल, झुर्ना, लाकडाचा भुसा.
नोदारला गोल काही आखता येईना.
मग मध्यावर खुंटी ठोकून
त्सियालाची कपडे वाळत घालायची दोरी बांधली.
त्या दिवशी निम्मं गाव ओल्या शर्टांत कुस्ती बघत होतं,
असं तीच सांगते; खरं-खोटं तिचं ती जाणे.

मे महिन्यात संचलन. आठशे मुली
पांढऱ्या ठिपक्यांवर उभ्या राहून एक शब्द व्हायच्या.
एका वर्षी झुझुना नावाची पोर
फुलपाखरामागे तीन ठिपके सरकली
आणि शब्दाचा अर्थच फिरला.
चौकशी बसली. नोदार टोपी हातात धरून म्हणाला,
"साहेब, रात्री पाऊस झाला, ठिपके वाहून गेले. चूक माझी."
पाऊस झालाच नव्हता.
दोन महिन्यांचा पगार मात्र वाहून गेला.

मग नदीपलीकडे गोळ्या सुटल्या
आणि एका पहाटे फाटकाशी माणसं आली:
गाद्या, शिवणयंत्र, एक आरसा, एक गाय.
गाय पेनल्टीच्या चौकात चरू लागली.
स्टँडखालच्या व्यायामशाळेत त्रेसष्ट कुटुंबं.
तिसऱ्या दिवशी हातभर जागेवरून
दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या.

नोदारने गाडा आत आणला.
कुणाला काही विचारलं नाही.
भिंतीपासून सुरुवात केली:
एक चौकोन, मधे पावलाएवढी वाट, पुन्हा चौकोन.
इतकं सरळ त्याने आयुष्यात कधी आखलं नव्हतं.
त्सियाला दारात उभी होती.
ओरडली नाही.

आमचा चौकोन एकेचाळिसावा.
पायांनी रेघ पुसली जायची,
दर सोमवारी तो पुन्हा मारायचा,
आणि आम्ही पोरं श्वास रोखून
आपापल्या घरात उभे राहायचो,
म्हणजे भिंत अंगावर येणार नाही.

अकरा वर्षं. त्यात दोन लग्नं, सात बाळंतपणं,
आणि बाहेर रविवारी बाजार:
आडव्या दांडीला आता तुर्की जाकिटं लटकत.
आज आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो.
दाराला उंबरा नाही,
तरी आई आत येताना पाय उचलते.

नोदार गेला त्याला चार हिवाळे झाले.
मैदानाभोवती पत्रे उभे राहिलेत,
फलकावर नव्या स्टेडियमचं चित्र, सगळी काच.
व्यायामशाळेच्या फळ्या उखडल्या तेव्हा
फटींतून पांढरी धूळ निघाली;
मजूर शिंकला आणि पुढच्या फळीला लागला.

पत्र्याला एक भोक आहे, तिथे रोज त्सियाला येते,
काठी टेकून उभी राहते.
आत पिवळं यंत्र उत्तरेच्या स्टँडकडे सरकतं.
"डावीकडे," ती ओरडते,
"डावीकडे झुकतोयस, मेल्या!"

चालकाच्या कानांवर मोठाले ठोकळे आहेत.